मानेची विनवणी

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक तरुण शिष्य नाडी शिकायला येऊन राहिला, आणि काही काळाने त्याला स्वतःच्याच बोटांची भीती वाटू लागली.

वैद्यांना सारे दाजीशास्त्री म्हणत. नदीकाठच्या एका गावात, घाटाच्या पायऱ्या संपतात तिथे, त्यांचा छोटा दवाखाना होता. पुढे रोग्यांना बसायची ओसरी, मधे तपासणीची खोली आणि मागे औषधांची अंधारी कोठी. शिष्याचे नाव श्रीकर. शहरातल्या महाविद्यालयातून आयुर्वेदाची पदवी घेऊन तो आला होता. बुद्धी तल्लख होती, पाठांतर चोख होते; पण ग्रंथात वाचलेली नाडी त्याला माणसाच्या मनगटावर अजून भेटली नव्हती. ती भेटावी म्हणूनच तो आला होता.

दाजीशास्त्री शिकवीत ते फार थोड्या शब्दांत. रोग्याच्या अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवायला लावीत आणि म्हणत, "आता तू बोलू नकोस. ती बोलेल."

आरंभी ती काही बोलली नाही. मग एके दिवशी एका तापलेल्या मुलाच्या मनगटावर श्रीकरच्या बोटांखाली काहीतरी उड्या मारल्यासारखे चालले, आणि त्याने आनंदाने गुरूंकडे पाहिले. गुरूंनी मान हलवली. त्या दिवसापासून गावातले लोक त्याला 'धाकले वैद्य' म्हणू लागले. तो सुखाचा काळ होता. त्याचे दुखणे त्याच काळात, कोणाला कळू न देता, सुरू झाले.

श्रीकरपाशी एक मोबाइल होता, जसा तो आज सर्वांपाशी असतो. त्याने तो वाईट हेतूने कधी वापरला नाही. त्यात संहिता होत्या, वनस्पतींची चित्रे होती, वर्गमित्रांची खबरबात होती. कोठीत औषधे कुटून झाली की तो पोत्यावर पाठ वाकवून बसे, कोपरे दुमडून मोबाइल मांडीजवळ धरी आणि हनुवटी छातीला टेकवून वाचू लागे. श्लोकाचा अर्थ पाहावा म्हणून उघडलेला पडदा तासाभराने मिटे, तेव्हा श्लोक कोणता होता तेही आठवत नसे. अंथरुणावर आडवे झाल्यावर पुन्हा तेच. सकाळी डोळे उघडत, त्याआधी हात उशाशी चाचपू लागे.

प्रथम डोळे चुरचुरू लागले, जणू मिरची कुटलेल्या खोलीत बसला आहे. मग संध्याकाळी नदीच्या पैलतीरावरची झाडे विरघळल्यासारखी दिसू लागली. मान फळीसारखी ताठ झाली. मानेतून एक कळ निघे, कवटीवरून चढत भुवयांपर्यंत येई आणि तिथेच ठाण मांडून बसे. हे सारे त्याने सोसले. पण एका सकाळी जाग आली, तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट त्याला आपली वाटेनात. त्यांत मुंग्या होत्या, आणि मुंग्यांच्या खाली काहीच नव्हते.

श्रीकर अंथरुणात उठून बसला. त्याला काका आठवले.

त्याच्या काकांच्याही बोटांनाच आधी मुंग्या आल्या होत्या. घरात सगळे हसले होते, म्हणाले होते, हातावर झोपला असशील. पावसाळा संपेपर्यंत काकांचा हात गेला, मग पाय गेला, आणि पुढली दिवाळी त्यांनी पाहिली नाही. श्रीकर तेव्हा लहान होता. काका भाताचा घास उचलायला जात आणि घास ताटाबाहेर पडे, एवढेच त्याच्या ध्यानात राहिले होते.

गुरू शेजारच्या खोलीत होते. त्यांना विचारता आले असते. पण ज्याच्या बोटांवर उद्या लोकांनी जीव सोपवायचा, त्याने आपली बोटे बधिर होतात हे कोणत्या तोंडाने सांगावे? आणि गुरूंनी हात हाती घेऊन मान खाली घातली तर? ते न बोलताच कळले तर? श्रीकरला ते सोसण्यासारखे नव्हते. म्हणून तो कोठीत गेला, दार लोटून घेतले आणि मोबाइलला विचारले.

मोबाइलने उत्तर द्यायला क्षणही लावला नाही. बोटांना मुंग्या येण्याची कारणे त्याने एकाखाली एक मांडली. पहिली साधी होती. ती श्रीकरने घाईघाईने ओलांडली. त्याचे डोळे खालच्या नावांवर खिळले. मज्जारज्जूचे विकार. मेंदूतली गाठ. हळूहळू सारे अंग निकामी करणारे रोग, ज्यांना औषध नाही. एका चित्रफितीत एक गोड आवाजाचा माणूस सांगत होता, की ही लक्षणे सामान्य समजून लोक दुर्लक्ष करतात आणि मग फार उशीर झालेला असतो. श्रीकरने ती फीत पुन्हा पाहिली. तिच्याखाली दुसरी आली, दुसरीखाली तिसरी. त्या दिवसापासून त्याने मोबाइल उघडला की न विचारताच कोणीतरी त्यात मरणाविषयी बोलू लागे.

आता त्याचा एक गुप्त नेम झाला. कोठीत वाळलेल्या गोखरूची परडी होती. रोज सकाळी तो त्यातला एक काटेरी दाणा घेई आणि डोळे मिटून एकेका बोटाला टोचून पाही. टोचले की क्षणभर बरे वाटे. मग वाटे, काल अधिक टोचले होते का? कालच्यापेक्षा आज कमी तर नाही? पुन्हा टोचून पाही. बोटांची अग्रे लाल होत, सुजत, आणि सुजलेल्या बोटांना खरोखरच कमी कळे. ते पाहून तो पुन्हा दाणा उचली.

"मान अशी का धरलीस?" दाजीशास्त्रींनी एकदा विचारले.

"उशी बदलली गुरुजी, त्यामुळे."

"आणि डोळे?"

"कुटताना चूर्ण उडतं."

गुरू त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि पुढच्या रोग्याकडे वळले. श्रीकरला सुटल्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी फार एकटेही वाटले.

रोग्यांच्या मनगटावर तो अजून बोटे ठेवीत होता. पण बोटांखाली आता त्याला रोग्याची नाडी लागत नसे. तो आपल्या बोटांनाच विचारीत असे, तुम्ही जिवंत आहात ना? उत्तर यायच्या आत त्याचे स्वतःचे काळीज इतके धडधडू लागे, की बोटांत जे उडते ते रोग्याचे की आपले, हे कळत नसे. मग तो काहीतरी सांगे. गुरू जवळच असत, ते पुन्हा पाहत, आणि वेळ निभावून जाई.

एके दिवशी ती निभावली नाही.

त्या सकाळी दाजीशास्त्री नदीपलीकडच्या वाडीत एका बाळंतिणीला पाहायला गेले होते. दवाखान्यात श्रीकर एकटा होता. ओसरीवर केरबा फुलारी येऊन बसले. देवळाच्या दारात हार विकणारा हा पन्नाशीचा माणूस गावात सगळ्यांना माहीत होता. सोबत त्यांची बायको हिराबाई होती.

"काय होतंय?" श्रीकरने विचारले.

"काय न्हाई ओ, हितं जरा जड वाटतंय." केरबांनी छातीवर तळहात ठेवला. "कोणतरी पाटा ठेवल्यागत."

"रात्रीपास्नं जेवल्यालं न्हाई त्येनी," हिराबाई म्हणाली. "आन् घाम बघा की कसा सुटलाय."

"उन्हातनं चालत आलोय, घाम न्हाई तर काय ईल?" केरबा हसले आणि त्यांनी मनगट पुढे केले.

श्रीकरने तीन बोटे ठेवली.

काहीच लागले नाही.

त्याने बोटे किंचित सरकवली, दाब वाढवला, कमी केला. करंगळीत मुंग्या होत्या. अनामिकेत मुंग्या होत्या. त्या आता मध्यमेकडेही सरकताहेत असे त्याला वाटले. त्याला काकांच्या ताटाबाहेर पडणारा घास दिसला. केरबांच्या मनगटावर हात ठेवून तो बसला होता, पण केरबा त्याच्यापासून फार दूर गेले होते. तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. त्याने नकळत डावा हात खिशाकडे नेला, पडद्यावर नजर टाकली, परत ठेवला. हिराबाई ते पाहत होती.

"काय म्हंती नाडी?" तिने विचारले.

"वात आहे," श्रीकर म्हणाला. "अपचनाचा. चूर्ण देतो, कोमट पाण्याबरोबर घ्या. आराम पडेल."

पुडी घेऊन दोघे पायऱ्या उतरून गेले. केरबा दोनदा थांबले, श्वास घ्यायला.

श्रीकर दारात उभा राहिला. आपण काय केले हे त्याला एकदम कळले नाही; ते थंड पाण्यासारखे पायांकडून वर चढत आले. छातीवर पाटा. घाम. उपाशी पोट. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. गुरूंचा नियम तर ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होता, की छाती जड म्हणाला तर आधी तालुक्याचे रुग्णालय, मग आपण. आणि तो म्हणाला होता, वात.

सवयीने त्याचा हात मोबाइलकडे गेला. छातीत जडपणा, एवढे शब्द त्याने टंकले आणि थांबला. पडद्यावर काय येईल ते त्याला ठाऊक होते. त्याने मोबाइल पालथा ठेवला. धावत केरबांच्या घरी जावे, असे मनात आले. पण जाऊन म्हणायचे काय? की मी नाडी पाहिलीच नाही? मग गावात तोंड कुठे दाखवायचे? कदाचित वातच असेल. पुष्कळदा वातच असतो. तो खांबाला धरून उभा राहिला, आणि त्या उभे राहण्यात किती वेळ गेला, हे त्याला पुढे कधीही सांगता आले नाही.

पायऱ्यांवर गुरूंची काठी वाजली.

त्या क्षणी श्रीकरपुढे दोन वाटा होत्या. एक रोजची होती: उशी बदलली, चूर्ण उडाले. गुरू वर आले, त्यांनी खांद्यावरचा पंचा खाली ठेवला, आणि श्रीकर म्हणाला, "गुरुजी, केरबा आले होते. छाती जड म्हणत होते, घाम होता. मी वात म्हणून सांगितलं. मला नाडी लागलीच नाही गुरुजी. मला कुणाचीच लागत नाही."

दाजीशास्त्रींनी खाली ठेवलेली काठी उचलली. रागाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. श्रीकरला वाटले, बोलले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "चल."

केरबांचे घर देवळामागच्या बोळात होते. केरबा भिंतीला टेकून बसले होते आणि आता हसत नव्हते. ओठांचा रंग उतरला होता. गुरूंनी मनगट हाती घेतले न घेतले तोच सोडले आणि हिराबाईला म्हणाले, "पोरी, उठ. गाडी बघायची." नाक्यावरची वडापची, भाड्याने माणसे नेणारी जीप भरत आली होती; गुरूंनी काठी आडवी धरून ती थांबवली, माणसे खाली उतरवली, केरबांना आडवे झोपवले. श्रीकर त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला. तालुक्यापर्यंतच्या साऱ्या वाटेत हिराबाई एकदाच बोलली. ती म्हणाली, "धाकले वैद्य, तुम्ही तर वात म्हणला हुता."

श्रीकरने केरबांच्या कपाळावरचा घाम पुसला.

रुग्णालयात केरबांना आतल्या खोलीत नेले, दार बंद झाले, आणि ते दिवस मावळेपर्यंत उघडले नाही. मग एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हृदयाकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबली होती, म्हणाल्या. औषध लागू पडले आहे, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरे नव्हते. हिराबाई खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. श्रीकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी भरली आणि गुरूंपुढे येऊन उभा राहिला.

"मी जातो गुरुजी. माझ्या काकांना जे झालं तेच मला होतंय. आधी बोटं जातात, मग हात. मी सगळं वाचलंय. माझ्या बोटांत आता जीव राहिलेला नाही. आज केरबा वाचले, उद्या कुणाचा तरी जीव जाईल."

दाजीशास्त्री ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते उठले आणि रोग्यांना निजवायचा लाकडी बाक त्यांनी स्वतःच ओढून दगडी फरशीच्या मधोमध आणला. त्यावर ते उताणे निजले, आणि निजता निजता असे वर सरकले की त्यांचे डोके बाकाच्या कडेबाहेर आले.

"जायचंय तर जा," ते म्हणाले. "पण त्याआधी एवढं माझं डोकं धर. मी सांगेपर्यंत खाली ठेवायचं नाही, आणि हात कशालाही टेकवायचे नाहीत."

हे काय चालले आहे, श्रीकरला कळेना. पण डोके कडेबाहेर होते आणि खाली दगड होता. विचारायला सवड नव्हती. तो पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही तळहात गुरूंच्या कवटीखाली घातले. बोटे जबड्याच्या मागे, कानांखाली आली.

"धरलंस?"

"धरलं."

"आता मी मान सोडली बघ."

आणि खरोखरच त्यांनी ती सोडली. इतका वेळ हलके वाटणारे ते डोके एकदम पाण्याने भरलेल्या घागरीसारखे तळहातांवर उतरले. श्रीकर दचकला. माणसाचे डोके एवढे जड असते, हे त्याने शरीररचनेच्या पुस्तकात वाचले होते. पण वाचणे निराळे. गुरूंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा गळा उघडा पडला होता, म्हातारा, सुरकुतलेला. हात सुटले असते तर ती मान कशी मोडली असती, हे श्रीकरला स्पष्ट दिसत होते.

थोड्याच वेळात दंड भरून आले. मग मनगटांत कंप सुरू झाला.

"गुरुजी, ठेवू का?"

गुरू बोलले नाहीत.

कंप खांद्यांपर्यंत चढला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. तो पुसायला हात नव्हता. "गुरुजी, हात थरथरताहेत. आता ठेवू द्या." गुरूंचा श्वास संथ चालला होता, जणू त्यांना झोप लागली होती. श्रीकर घाबरला. झोप लागली असेल तर ते स्वतःला सावरणारही नाहीत. त्याने सारे लक्ष दहाही बोटांत गोळा केले. बोटाला मुंग्या आहेत की नाहीत, हे पाहायला त्याच्याजवळ आता काहीच शिल्लक नव्हते.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला.

आणि श्रीकरने काही ठरवायच्या आत त्याचा उजवा हात निघाला. खरेच निघाला, बोटे सैल झाली, तळहात अर्धा सुटला, आणि म्हाताऱ्याचे डोके एका अंगाला कलंडून दगडाच्या दिशेने गेले. श्रीकरच्या तोंडून किंकाळी फुटली. त्याने झडप घालून ते डोके छातीशी धरले आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मोबाइल खिशात थरथरत होता, थरथरत होता, मग थांबला.

दाजीशास्त्रींनी डोळे उघडले.

"कसली भीती वाटली?" त्यांनी विचारले.

"पडलं असतं," तो कसाबसा म्हणाला. "तुमचं डोकं पडलं असतं गुरुजी. माझा हात... मी नेला नव्हता तो. तो आपणहून गेला."

"हो. मला कळलं." गुरू उठून बसले आणि त्यांनी आपली मान दोन्ही हातांनी चोळली. "माझी नाडी कशी होती?"

"नाडी?"

"तुझी बोटं माझ्या जबड्यामागं होती. तिथं नाडी असते. कशी होती?"

श्रीकर आठवू लागला, आणि आठवताना त्याचा चेहरा पालटला. "संथ," तो हळूच म्हणाला. "खोल आणि संथ. आणि गुरुजी, मधूनच एक ठोका अडखळतो. थांबल्यासारखा होतो आणि मग दुसरा जोरात येतो."

"अडखळतो. जुना सोबती आहे माझा तो." म्हातारे हसले. "मेलेल्या बोटांना हे सांगता आलं असतं का?"

श्रीकर आपल्या हातांकडे पाहत राहिला.

मग दाजीशास्त्री जे बोलले ते असे: "दुसऱ्याचं डोकं थोडा वेळ अधांतरी धरलंस, तर तुझे हात रडकुंडीला आले. तू दोनदा म्हणालास, ठेवू का. स्वतःचं डोकं तू रोज सकाळपासून निजेपर्यंत असंच कडेबाहेर टांगून ठेवतोस, आणि ते धरायला तुझी एकटी मान असते. तिनंही विचारलं असेल, ठेवू का? तू ऐकलं नाहीस, म्हणून ती दुखली. दुखण्यानं ऐकलं नाहीस, म्हणून तिनं बोटांत मुंग्या धाडल्या. डोळ्यांनी आग पाठवली. ही शरीराची विनवणी आहे रे, मरणाचा सांगावा नव्हे. पण तू ती विनवणी घेऊन कुठं गेलास? ज्यानं दुखवलं त्यालाच विचारायला. तो मोबाइल काही लबाड नाही. पण तो बाजार आहे, आणि भर बाजारात जाऊन विचारलंस, मला काय झालंय, तर प्रत्येकाच्या टोपलीत एकेक मरण असतं दाखवायला. तुझी मान कशी वाकते, हे मात्र त्यातल्या एकालाही दिसत नाही. ते मला दिसत होतं. मी विचारलंही होतं."

"तेव्हा मी खोटं बोललो."

"भिऊन बोललास. भीती वाईट नसते. वैद्याला ती असावीच. पण ती रोग्याची असावी. काल केरबाच्या मनगटावर तू स्वतःसाठी भीत होतास, म्हणून तुला तो लागला नाही. आज माझ्यासाठी भ्यालास, म्हणून मी लागलो."

मग गुरूंनी श्रीकरची मान हाती घेऊन चाचपली, कोपराच्या आतल्या हाडाशी अंगठा दाबला. करंगळीपर्यंत कळ गेली तसा श्रीकर ओरडला. "दुमडून दुमडून इथली नस चेपली असावी," ते म्हणाले. "पण हा माझा तर्क झाला. तुझ्या काकांचं आहे, म्हणून उद्या तालुक्याला नसांच्या डॉक्टरांना दाखवून ये. ते सांगतील ते खरं. आणि पिशवी सोड."

श्रीकर गेला. डॉक्टरांनी हातोडीने सांधे ठोकून पाहिले, सुया टोचून पाहिल्या, काकांविषयी बारकाईने विचारले. असाध्य असे काही नव्हते. मानेचे स्नायू आखडले होते, कोपरापाशी नस दबली होती, पापण्या मिटायचे विसरल्यामुळे डोळे कोरडे पडले होते. बोटे लाल कशाने, हे मात्र त्यांना कळेना, आणि गोखरूचे नाव घेताना श्रीकर लाजला.

बरे होणे सोपे नव्हते. मोबाइल त्याने टाकून दिला नाही. गुरूंनीही तसे सांगितले नाही. वाचायचेच असेल तर तो आता ग्रंथ ठेवायच्या उंच लाकडी घोडीवर डोळ्यांसमोर ठेवी, आणि थोडे वाचून झाले की घाटावर येऊन पैलतीराकडे पाहत राही. गुरूंनी सांगितलेला तिळाच्या तेलाचा शेक आणि डॉक्टरांनी शिकवलेले मानेचे व्यायाम, दोन्ही चालले. काही दिवस फार वाईट गेले. रिकामा हात खिशाकडे जाई, आणि दरवेळी दगडाकडे कलंडणारे ते पांढरे डोके त्याला दिसे. मुंग्या गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. त्या आल्या की जुनी भीती दारात उभी राही. मग तो उठून शेजारच्या खोलीत जाई आणि म्हणे, "गुरुजी, आज पुन्हा आल्यात." गुरू म्हणत, "बस. हात दाखव." एवढ्यानेच तिचा अर्धा जोर ओसरे.

केरबा घरी आले, तेव्हा श्रीकर एकटा त्यांच्याकडे गेला. केरबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. हिराबाईने त्याला बस म्हटले नाही. त्याने उभ्यानेच सांगितले, "त्या दिवशी मला तुमची नाडी लागली नव्हती. मला तसं सांगायला हवं होतं. मी भ्यालो आणि तोंडाला येईल ते बोललो."

केरबांनी उशीवरून मान उचलली. "मग आता?" त्यांनी विचारले. "आता लागती का?"

"ठाऊक नाही," श्रीकर म्हणाला. "लागली नाही तर सांगेन."

केरबांनी हिराबाईकडे पाहिले. कोपऱ्यातला पाट तिने पायाने पुढे सरकवला. श्रीकर बसला. केरबांनी मनगट पुढे केले.

त्याने तीन बोटे ठेवली. ती थरथरत होती. कोणीही पाहिले असते तर म्हटले असते, हा मुलगा भ्यालेला आहे. आणि तो भ्यालेला होताच. समोर एक माणूस होता, त्याचे हृदय दुखावलेले होते, शेजारी त्याची बायको उभी होती, आणि या दोघांचे काय होईल, याची त्याला फार भीती वाटत होती. बोटांखाली काहीतरी चालू लागले होते, बारीक, थकलेले, पण नेमाने पाऊल टाकणारे.

"काय म्हंती?" हिराबाईने विचारले.

"थांबा," श्रीकर म्हणाला. "ती बोलतेय."